चुकून डावा झालेला पंजा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पंजा आहे. माझा जन्म एका चुकीतून झाला, आणि ज्या घरात झाला तिथे आधीपासूनच एक न दिसणारा पंजा राहत होता.

गाव निरवांगी, साल एकोणीसशे चोपन्न. गुऱ्हाळावर ऊस लावताना दत्तोबाचा उजवा पंजा चरकात गेला. लोकांनी तो बांधाला पुरला. जखम भरली, पण दत्तोबाला तो गेलेला पंजा जाणवतच राहिला. जेवता जेवता तो थांबे आणि बायकोला, विजयमालेला म्हणे, "मूठ आवळून आलीया गं. नखं रुतत्यात. उघडत न्हाय."

पुरताना ती मूठ मिटलेलीच होती, हे विजयमालेने त्याला कधी सांगितले नव्हते.

शेवटी ती सोनबा सुताराकडे गेली. "तात्या, मला लाकडाचा पंजा कोरायला शिकवा."

"मी करून देतो की."

"न्हाय. त्यांचा हात मलाच ठावं हाय."

सोनबाने पांगाऱ्याच्या लाकडाचा हलका तुकडा आणि कोरायची पटाशी दिली. "आधी चारी अंगांनी बघ. नुसतं समोरनं बघितलंस, तर चित्तर हुईल, हात न्हाय हुयाचा."

तिने दत्तोबाचा डावा पंजा दोऱ्याने मापला आणि कोरायला बसली. स्वतःचा अंगठा कापून घेतला, माझी करंगळी मोडली. महिन्याने तिने मला त्याच्या उजव्या मनगटाला लावून पाहिले. अंगठा बाहेरच्या बाजूला आला. मी डावाच झालो होतो.

"आता आरशात बघून कोर," सोनबा म्हणाला.

तिने दत्तोबाच्या डाव्या पंजाशेजारी आरसा उभा केला. आरशात उजवा पंजा दिसला. दत्तोबा कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने डावी मूठ हळूहळू उघडली.

"उघडली," तो म्हणाला.

"कंची?"

"बांधावरली."

विजयमालेने पटाशी उचलली आणि आरशातला पंजा कोरायला घेतला. असा आरशात बघून घडलेला उजवा पंजा दत्तोबाने आयुष्यभर बांधला, आणि त्याच्याबरोबरच तो सरणावर गेला.

मला मात्र तिने कधी चुलीत घातले नाही. पुढे लाकूड शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ती आधी मला देई आणि म्हणे, "ह्यो चुकलेला हाय. नीट बघ."

मित्रांनो, तुमची पहिली, चुकलेली वस्तू फेकून देऊ नका. तुमचे डोळे बघायला कुठे शिकले, ते तिलाच ठाऊक असते.