भिंतीकडे तोंड केलं की विझणारा दिवा

"विझला! विझला!"

आवारातली सगळी माणसं एकदम ओरडली. मागच्यांनी टाचा उंचावल्या. पुढच्यांनी पांढऱ्या मोटारीच्या खिडकीतून आत डोकी घातली. मोटारीचा मालक बाहेर आला तो अक्षरशः डोळे पुसत. त्याच्या डॅशबोर्डवर कित्येक दिवस ठाण मांडून बसलेला ब्रेकचा लाल दिवा दिवेबाबांनी नुसत्या एका फुंकरीनं घालवला होता.

दिवेबाबा हे लोकांनीच ठेवलेलं नाव. बंद पडलेल्या गोदामाचं हे लांबलचक फरसबंद आवार, त्याच्या शेवटी उंच भिंत आणि भिंतीला टेकून बाबांची खुर्ची. नियम एकच. गाडीचं तोंड बाबांकडे हवं. "पाठ दाखवणाऱ्या गाडीकडे मी बघत नाही," असं ते म्हणायचे आणि लोक अगदी इंच इंच मोजून गाड्या सरळ लावायचे.

"मशीन म्हणू नका हो तिला," बाबा हात फिरवत सांगत होते. "गाडीला मन असतं. गॅरेजात तिच्या अंगाला हत्यार लागतं, ती दुखावते. लाल दिवा म्हणजे तिचा रडवेला डोळा. मी तिचे डोळे पुसतो, बाकी काही नाही!"

डोळे पुसून झाले की बाबा त्या दिव्यावर एक गोल चंदेरी शिक्का चिकटवत. बोटाच्या पेराएवढा, मागे चिकट गोंद असलेला. "आता इथे शंकेच्या नजरेनं बघायचं नाही. बघाल तर ती पुन्हा रडेल."

ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मोटार चालवायला शिकवते. आयुष्य गेलं माझं शेजारच्या सीटवर बसून 'समोर बघा आणि दिव्यांकडे लक्ष ठेवा' असं ओरडण्यात. आणि इथे हा बाबा माणसांना दिव्यावर झाकण लावून देतो!

पण मी आले होते दादासाठी. माझा थोरला भाऊ शाळेची व्हॅन चालवतो. टेकडीवरच्या कॉलनीतली मुलं तो खालच्या शाळेत पोचवतो. रस्ता सगळा उताराचा, आणि त्याच्या मागच्याच सीटवर माझी भाची बसते, त्याची स्वतःची पोर. व्हॅनचा मागचा अ‍ॅक्सल आवाज करत होता म्हणून त्यानं तो खोलून दुरुस्त करून घेतला, आणि व्हॅन घरी आणल्यापासून ब्रेकचा दिवा लागायला लागला. गॅरेजवाल्यानं दोनदा नुसतं फडकं मारून परत पाठवलं. वर म्हणाला, "वायरीचा खेळ असतो हो. दिवेबाबांकडे जा, आमची सगळी गिऱ्हाइकं तिकडेच जातात." जातील नाही तर काय! केलेलं काम पुन्हा उघडून बघण्याची कटकट वाचते.

"दादा, अरे ब्रेक आहे तो, खेळणं नाही," मी आदल्या दिवशी त्याला घरी सांगून पाहिलं होतं. "उद्या दुसऱ्या गॅरेजला दाखव."

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी," तो म्हणाला. "गेल्या रविवारी बाबांनी फुंकर मारली आणि दिवा गेला. मी खोटं बोलतोय का?"

"मग परत का लागला?"

"उतारावर लागतो, शिक्क्याच्या कडेनं लाल दिसतं. चढताना नसतो. बाबा म्हणतात, उतरताना माझं मन डळमळतं." वहिनी भाजी चिरायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

रात्रभर तेच वाक्य डोक्यात. उतारावर लागतो, चढताना नसतो. मन उतारावरच बरं डळमळतं!

म्हणून मी रविवारी माझी शिकवणीची गाडी घेऊन आवारात आले. भिंतीकडे तोंड करून उभी केली, हँडब्रेक न ओढता ब्रेकवरचा पाय हळूच सैल केला, आणि गाडी मागे सरकली. फाटकाकडे. डोळ्यांना ते आवार सपाट दिसत होतं, पण चढ-उतार मला पायाला कळतो, धंदाच आहे तो माझा. पावसाचं पाणी फाटकाबाहेर जावं म्हणून फरशीला उतार दिला होता. म्हणजे बाबांकडे तोंड केलेली प्रत्येक गाडी नाक वर करून उभी होती.

मी रांगेतल्या गाड्या बघितल्या. काहींचा तर हँडब्रेकच अर्धवट ओढलेला होता, आणि तो ओढलेला असला तरी हाच लाल दिवा लागतो. त्यांच्या ड्रायव्हरला बाबा खाली उतरवत, स्वतः आत बसत, आणि हात फिरवता फिरवता तो दांडा नीट खाली दाबत. दिवा जाणारच! ज्यांचा कशानंच जात नव्हता त्यांना "घरात कुणीतरी नास्तिक आहे" असं सांगून वाटेला लावत होते.

दादाची पाळी आली. व्हॅन भिंतीसमोर उभी राहिली, बाबांनी गेल्या रविवारचा शिक्का सोलून काढला, डोळे मिटले, फुंकर मारली. दिवा नव्हता. टाळ्या पडल्या. दादानं हात जोडले.

"बाबा," मी पुढे झाले, "मीही एकदा करून बघू का?"

"कोण ह्या?"

"बहीण आहे माझी," दादा ओशाळून म्हणाला. "अगं, तू कशाला आता..."

"करू द्या ताईंना," बाबा हसले. गर्दीसमोर मोठं मन दाखवायची त्यांना हौस होती. "पण शंका घेऊन बसाल तर गाडी रुसेल, सांगून ठेवतो."

मी सगळ्यांना लांब उभं केलं. मग बसले आणि मुंगीच्या चालीनं व्हॅन वळवून तिचं तोंड फाटकाकडे केलं, हँडब्रेकनंच थांबवली, गिअरमध्ये टाकली आणि पुढच्या चाकाखाली दगड लावायला लावला. मग हँडब्रेक पुरता खाली केला. तरी दिवा भक्कन पेटलेला!

"रुसली!" बाबांनी टाळी वाजवली. लोक खो खो हसले. दादानं मान खाली घातली.

"थांबा, समजूत काढते तिची," मी म्हणाले, आणि सातचा पाढा मोठ्यानं म्हणत व्हॅन पुन्हा भिंतीकडे वळवली. दगड, हँडब्रेक खाली. सात सक बेचाळीसला दिवा गेला. परत फाटकाकडे वळवली, दिवा आला. परत भिंतीकडे, आणि या वेळी मी पाढासुद्धा म्हटला नाही. तरी गेला.

हसू थांबलं होतं. एक ट्रकवाला पुढे येऊन म्हणाला, "आयला, मग ही तर भिंतीचीच कृपा!"

"भिंतीची नाही, उताराची," मी बॉनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाची पांढुरकी डबी दाखवली. "हिच्यात एक तरंगणारा छोटा गोळा असतो. तेल कमी झालं की तो खाली बसतो आणि दिवा लागतो. गाडीचं नाक वर केलं की उरलंसुरलं तेल मागच्या बाजूला जमतं. गोळा त्याच बाजूला आहे. तो उचलला जातो, दिवा विझतो. तेल मात्र कमीच असतं." शेजारच्या माणसाच्या हातातली अर्धी पाण्याची बाटली घेऊन मी ती आडवी केली, मग तिरकी केली. पाणी एका टोकाला गेलं. एवढंच होतं ते.

"तेल कमी का झालं मग?" दादानं विचारलं. आवाज बदलला होता त्याचा.

"मागे ये."

आम्ही दोघं मागच्या चाकाशी वाकलो. टायरची आतली बाजू ओली चकाकत होती. अ‍ॅक्सल काढताना ब्रेकची नळी सोडवली होती आणि परत जोडताना तिचा नट नीट आवळलाच नव्हता. तिथून थेंब गळत होता.

"आता ब्रेक दाब, दादा."

त्यानं दाबला. पेडल मऊ लोण्यात शिरावं तसं जवळजवळ तळाला गेलं. तो पाय उचलेना. तसाच बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

"परवा शाळेच्या फाटकाशी जरा उशिरानं थांबली होती," तो हळूच म्हणाला. "मुलं ओरडली. मला वाटलं, माझीच श्रद्धा कमी पडतेय."

मला त्याचा राग आला होता, तो तिथेच गेला. रडू आलं. मागच्या सीटवर भाचीची पाण्याची बाटली पडलेली होती.

बाबा मात्र बोलतच होते. "विज्ञानाच्या पलीकडे बरंच काही असतं, ताई." असेल बापडं. नट तर अलीकडेच होता.

व्हॅन उचलून दुसऱ्या गॅरेजात नेली. नळी घट्ट बसवली, तेल भरलं, आतली हवा काढली. तोवर वहिनी आणि मी मुलांना पायी शाळेत सोडत होतो. आता दादा रोज सकाळी किल्ली फिरवतो, दिवा क्षणभर लागून विझतो की नाही ते बघतो, पेडल दाबून पाहतो आणि मगच मुलांना आत घेतो. माझ्याशी थोडा कमी बोलतो. चारचौघांत त्याची मान खाली गेली, ते मला कळतं.

वाटलं होतं, आवार ओस पडेल. पुढच्या रविवारी तिथून गेले तर रांग होतीच. आणि परवा उतारावर ती त्या रविवारची पांढरी मोटार माझ्यासमोरून गेली. आत बायको, दोन मुलं आणि डॅशबोर्डवर चंदेरी शिक्का. मी हॉर्न वाजवला, हात केला, थांबा म्हणून ओरडले. त्यानं ओळख पटल्यासारखं हसून हात हलवला आणि तो खाली निघून गेला.

त्याचा दिवा विझलेला त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, दादानंही पाहिला होता, मीही पाहिला. पाहिलेलं खोटं नव्हतं. सांगितलेलं कारण खोटं होतं, आणि ते तपासायला एकदा गाडी उलटी वळवून बघणं पुरेसं होतं. तेवढं करा हो. तुमच्या गाडीत असा शिक्का असेल तर आत्ताच नखानं खरवडून काढा. खाली लाल दिसलं तर कुणाच्या फुंकरीची वाट बघू नका. गाडी जागेवरच राहू द्या आणि मुलांना खाली उतरवा.