जिन्याच्या वळणावरचा डाग

आमच्या घरचा जिना उतरताना मध्ये डावीकडे वळतो. त्या वळणाच्या भिंतीवर एक तेलकट डाग दिसायला लागला. आधी वाटलं, ओल आली असेल. जवळ जाऊन बघितलं तर तळहाताचा आकार. घरात माणसं दोनच, मी आणि माझा मुलगा. मी पलीकडचा कठडा धरून उतरते.

मुलगा बर्फाच्या उतारावर मदतपथकात आहे. स्की करताना कोणी पडलं, हाड मोडलं, की हा त्याला घसरगाडीत झोपवतो, पट्ट्यांनी बांधतो आणि पुढच्या दोन दांड्यांमध्ये उभा राहून स्कीवरून खाली आणतो. मी तिथेच पायथ्याशी भाड्याचे बूट वाळवायच्या खोलीत काम करते.

मागच्या हिवाळ्यात तो स्वतःच त्या गाडीत झोपून खाली आला. मऊ बर्फात स्की अडकली, अंग वळलं, गुडघा वळला नाही. उजव्या गुडघ्यातली लिगामेंट तुटली. "आई, पांघरुणाखाली वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला," एवढंच तो बोलला.

डॉक्टरांनी मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवली. मग घरात बर्फाची पिशवी, टाचेखाली उशी, टेबलाच्या पायाला बांधलेला रबरी पट्टा आणि दिवसभर दात-ओठ खाणं. मांडी इतकी सुकली की दोन पाय दोन निराळ्या माणसांचे वाटायचे. मी उजवा पाय तेलाने चोळून द्यायचे. तो छताकडे बघत राहायचा.

या हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी त्याला एका पायावर उड्या मारायला लावल्या. मारल्या त्याने. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुरू करा. याने ऐकलं, सुरू करा.

जेवताना मी विचारलं, "जिन्यात भिंतीला हात लावतोस का रे?"

"मी? कशाला?"

"गुडघा दगा देतो का, म्हणून विचारलं."

"आई, तू बूट वाळव. डॉक्टरकी नको."

दुसऱ्या दिवशी डाग गायब. माझं फडकं नळावर ओलं लटकत होतं. डाग होता तोवर मला नुसती शंका होती. पुसलेली भिंत बघितली आणि खात्री झाली. हा सरळ चालताना कोणालाच काही कळू देणार नव्हता. डावीकडे वळताना सगळा भार उजव्या पायावर येतो, आणि उतारावर त्याच्या मागे एखादं बांधलेलं, हलू न शकणारं माणूस असणार होतं.

पथकात रीत अशी, की दुखण्यातून उठलेल्याने आधी भरलेली गाडी खाली आणून दाखवायची. गाडीत पथकातलाच एखादा झोपतो. त्याची पाळी आली त्या सकाळी मी बुटांची खोली बंद केली आणि सरळ प्रमुखाकडे गेले.

"गाडीत मी झोपते."

प्रमुख हसला. "मावशी, वजन लागतं त्यात."

"माझं वजन तू विचारू नकोस, मी सांगत नाही. पण कमी पडणार नाही."

आजूबाजूचे हसले. मुलगा हसला नाही. "आई, चेष्टा पुरे. घरी जा."

"का? तुझ्यावर भरवसा नको ठेवू?"

तो वळून गाडीचे पट्टे तपासायला लागला. प्रमुखाने खांदे उडवले आणि तो उतारावरच्या डाव्या वळणाच्या खाली जाऊन उभा राहिला.

उताराच्या माथ्यावर मला घोंगडीत गुंडाळून, हात तेवढे बाहेर ठेवून पट्टे आवळले. मुलाने ते स्वतः आवळले, माझ्याकडे न बघता. गाडी निघाली. मला फक्त आभाळ आणि त्याची पाठ दिसत होती. पहिलं वळण उजवीकडचं. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मला क्षणभर वाटलं, म्हातारीच्या डोक्यात किडे, दुसरं काय.

मग उतार उभा झाला. पुढे डावं वळण, वळणाबाहेर झाडं, काळी आणि जवळजवळ. दांड्यांमधून काहीतरी माझ्या पाठीपर्यंत यायला लागलं. बारीक थरथर. शिवणयंत्रावर हात ठेवला की येते तशी. त्याची पाठ वाकली. उजवा हात दांडी सोडून बाहेर गेला, तळवा उघडा. तिथे भिंत नव्हती.

त्याने गाडी आडवी केली आणि कशीबशी थांबवली.

"आई, पट्टे सोड."

"काय झालं?"

"सोड म्हणतो ना! वरच्या बाजूला लोळ."

बोटं गारठलेली. बकल निघेना. गाडी बोटभर सरकली, परत सरकली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, लहानपणी तापात यायचा तसा. शेवटचा पट्टा सुटला आणि मी बर्फात पडले. त्याच वेळी त्याचा गुडघा आत वळला. तो खाली बसला. दांड्या सुटल्या.

गाडी घोंगडीसकट झाडांत गेली. लाकूड फुटल्याचा आवाज आला. खालून प्रमुख ओरडला, "मावशी!" त्याला वाटलं, मी आत आहे.

"आहे मी! इथे आहे!" मी ओरडले.

मुलगा मांडी धरून बसला होता. म्हणाला, "तुला कळलं होतं."

"फडकं माझं होतं," मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली. प्रमुख धापा टाकत वर आला तेव्हा तो त्याला स्वतःहून म्हणाला, "नाही जमत. डावीकडे पाय राहत नाही."

त्याला आता खाली सामानाच्या खोलीत काम दिलंय. घरी तो जिना उतरतो, वळणावर माझ्यादेखत भिंतीला तळवा टेकतो. डाग पुन्हा पडलाय. तो पुसत नाही, मीही पुसत नाही. रोज सकाळी मी तिथे थांबून अंदाज घेते, गुडघा सुधारतोय का.

डाग मोठा होतोय.