कल्पिताचा धवला

मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या लोखंडी कपाटातला ध्वनिमुद्रक बोलतोय. हे भारदस्त नाव फक्त रजिस्टरात आहे. पोरं मला रेकॉर्डर म्हणतात आणि घाईत असली की नुसतं मशीन. आहे तळहातात मावेल एवढाच, पण डोक्यावर दोन माइक आहेत, आणि तेच माझे कान. आजवर दुसऱ्यांचंच ऐकत आलोय. आज माझं ऐका.

माझी एक खोड आधीच सांगून टाकतो. माझं बटण एकदा दाबलं की मी फक्त कान टवकारतो. लाल दिवा लुकलुकतो, पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या नाचतात, हेडफोनमध्ये सगळं स्वच्छ ऐकू येतं, पण साठत काही नाही. तेच बटण पुन्हा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि मी आवाज साठवायला लागतो. दरवर्षी नव्या पोरांपैकी एखादा कॅन्टीनवाल्याची अर्धा तास मुलाखत घेऊन येतो आणि माझ्या पोटात शून्य. वर्ग हसतो, तो परत जातो, कॅन्टीनवाला परत बोलतो. रेडिओ शिकवणारे सुशांत सर म्हणतात, "ही चूक एकदा केल्याशिवाय रेडिओचं शिक्षण पुरं होत नाही." मलाही तेव्हा त्यात गंमत वाटायची.

कल्पिता मात्र पहिल्या दोन वर्षांत कधीच चुकली नाही. कळव्याच्या खाडीकडच्या आगरी घरातली पोरगी, आवाज असा की वर्गातली कुजबुज थांबायची. तिला रेडिओवर काम करायचं होतं. रिकाम्या स्टुडिओत माझ्यासमोर बसून ती जुन्या बातम्या वाचायची, मग स्वतःच ऐकून स्वतःवर वैतागायची. मी तिला पन्नासदा वैतागताना ऐकलंय आणि पन्नासदा परत वाचताना.

तिसऱ्या वर्षी वीस मिनिटांचा माहितीपट करायचा होता. ज्याचा चांगला होईल त्याला मुंबईतलं एक रेडिओ केंद्र उमेदवारीला घेणार होतं. कल्पिताने आजीचा विषय घेतला. तिची आजी बायजा धवलारीण होती. आगरी लग्नात नवरीला हळद लावताना, मांडव घालताना जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते गाणारी ती धवलारीण. पंचक्रोशीत आता एवढी एकच उरली होती.

पण बायजाबाई गाईल तर ना! तरुणपण मिठागरात मीठ ओढण्यात गेलेलं, मग भातशेतीत. त्या शेतावर आता पंधरा मजली टॉवर उभा, आणि त्यातल्याच एका घराच्या गॅलरीत ती दिवसभर बसून असायची. म्हातारी हट्टाची पक्की. दिवाळीची अख्खी सुट्टी कल्पिता मला घेऊन तिच्या मागे-मागे फिरली.

"लगीन नाय, हलद नाय, मंग धवला कशाला गावाचा?" एवढंच उत्तर. वर माझ्याकडे बोट दाखवून, "यो काय जेवतं-बिवतं का?"

माघातल्या एका सकाळी बायजाने आपणहून हाक मारली. लुगडं नेसून, केस विंचरून बसली होती. पाटावर तांदूळ, सुपारी, समोर दिवा.

"तुझे लग्नाला मी नसेन गो," ती म्हणाली. "श्वास पुरत नाय आता. तुझा धवला आजच गातंय. घे तुझी मशीन."

कल्पिताने घाईघाईने मला पिशवीतून काढलं. तिने हेडफोन चढवले, आवाज किती येतोय ते बघायला मला एकदा दाबलं. माझा दिवा लुकलुकला. बायजाच्या ते बरोबर नजरेत आलं.

"यो माझ्यावर डोला कशाला वटारतंय? देवाच्या दिव्यासमोर यो दुसरा दिवा नको."

कल्पिताने माइक उघडे ठेवून माझ्या अंगावर ओढणीचं टोक टाकलं. आणि तेवढ्यात बायजाने सुरुवात केली.

आता सांगा, कोण थांबवेल? ध्वनिमुद्रण चालू असताना मशीनला हात लावायचा नाही, लावला की खरखर येते, हे सरांनीच डोक्यात भरलेलं. कानात आजीचा आवाज लख्ख येत होता. तिला वाटलं, दाबलंय दोनदा.

चाळीस मिनिटं म्हातारी गायली. गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं, नांगराला आणि मिठाच्या ढिगालाही आवतण दिलं. सासू-सासऱ्यांना, मिठागरात जीव गेलेल्या दोन दिरांना हाका मारल्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध हळद लावून कल्पिताला बसवलं, नाव घेऊन. शेवटी नवरी उंबरा ओलांडते तिथे म्हातारीचा गळा फाटला आणि पोरगी हुंदके द्यायला लागली. मी ओढणीखाली लुकलुकत होतो. मी एवढं ऐकलं, पण एक अक्षर धरून ठेवू शकलो नाही. तोंड नसल्याचं दुःख मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग जमवून तिने मला स्पीकरला जोडलं. साठवलेल्या आवाजांची यादी वर-खाली केली. परत केली.

"सर, चालू होतं ओ. कानात येत होतं."

सरांनी मला हातात घेतलं आणि कधी नव्हे ते हसले नाहीत. "पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं गं. हे झालेलंच नाहीये."

दिपेश नावाचा तिचा मित्र म्हणाला, "अगं, टेन्शन कायको? आजी घरी आहे ना, परत गायला लाव."

ती तसं ठरवूनच घरी गेली. चपला काढतेय तोवर गॅलरीतून आवाज आला, "आला का बरोबर?"

"हो आजे," कल्पिता म्हणाली. "मस्त आलाय."

मी पिशवीत होतो. हा शब्द तिच्या तोंडून कसा निघाला ते तिलाही कळलं नसावं. रात्रीच्या जेवणाआधी तिने भीतभीत खडा टाकून पाहिला, समजा परत गायची वेळ आली तर? म्हातारी करवादली, "एका पोरीचा धवला दोनदा गायला म्हंजे तिचे नशिबी दुसरा मांडव. असा बोलाचा पन नाय." झालं, कल्पिताच्या तोंडाला कुलूप लागलं.

मग रोज एकच मागणं. "मना ऐकव." कल्पिता कधी म्हणायची मशीन कॉलेजात आहे, कधी म्हणायची आवाज साफ करायला दिलाय. मी बहुतेक वेळा त्याच खोलीत, टेबलावर असायचो. खोटं बोलताना ती माझ्याकडे बघायची नाही.

शिमगा जवळ आला आणि बायजाने अंथरूण धरलं. नाकात नळी, दोन शब्दांनंतर दम. तरी तेच, "मना ऐकव." एका दुपारी घरात कुणी नसताना कल्पिताने हेडफोन म्हातारीच्या कानांवर बसवले. खाटेच्या उशाशी, तिला दिसणार नाही अशी बसली, मला एकदाच दाबून ओठांशी धरलं आणि आठवेल तसा धवला स्वतःच गायला लागली.

देवीपर्यंत जमलं, खाडीपर्यंत जमलं. पुढे चाल राहिली, शब्द संपले.

बायजाने हळूच हेडफोन काढले. "माझा आवाज मना वलखता येत नाय का गो?" मग म्हणाली, "जेला ना सगला धवला?"

"जेला, आजे." कॉलेजात घासूनपुसून घेतलेली भाषा कुठच्या कुठे पळाली होती.

म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पोरीचं डोकं जवळ ओढलं. "तवाच सांगाचा होतास. रडली असतीस ना माझेसमोर, तर गायले असते परत. नेम काय, पोरीपेक्षा मोठा हाय का?" मग बराच वेळ श्वास गोळा करून म्हणाली, "आता कसा गाऊ?"

सहाव्या दिवशी ती गेली.

कल्पिताने माहितीपट दिला, खाडीतल्या मासेमारीवर. पास झाली. रेडिओ केंद्राने दुसऱ्या कुणाला घेतलं. ती आता एका वाहिनीत पडद्याखाली धावणाऱ्या बातम्यांची पट्टी टाइप करते. वाचून दाखव म्हटलं तर नको म्हणते, असं दिपेश सरांना सांगत होता. तो आवाज मी ऐकलाय, म्हणून मला जास्त लागतं.

माझंही आता वय झालं. बॅटरीचं झाकण तुटलंय, रबर लावून बसवतात. नवी पोरं फोनवरच काम भागवतात. नवीन वर्गाला सर अजून माझा दिवा दाखवतात, पण कॅन्टीनवाल्याचा किस्सा सांगत नाहीत. पोरांनो, माझं एक मागणं आहे. बटण चुकलं तर चुकू दे, त्याची लाज वाटून घेऊ नका. ज्याचं हरवलंय त्याला त्याच दिवशी जाऊन सांगा.

गेल्या आठवड्यात कल्पिता आली होती, सरांना लग्नाची पत्रिका द्यायला. सरांनी कपाट उघडून मला तिच्या हातात ठेवलं. "हळदीला घेऊन जा. दोन दिवस ठेव, चार दिवस ठेव."

तिने अंगठ्याने माझ्यावरची धूळ पुसली, रबर नीट बसवलं आणि मला परत कपाटात ठेवलं.

"नको सर," ती म्हणाली. "हळदीला डीजे आहे."