काचेभोवती फिरलेली दोरी

मित्रांनो, गॅरेजमधली ही कळकट दोरी पाहून तुम्ही नाक मुरडलेत, तरी माझी हरकत नाही. मी जुनी आहे, आणि देखणी तर मी नवी असतानाही नव्हते. पण जुन्या मोटारीची पुढची काच माझ्यासारख्या दोरीवाचून बसत नाही, एवढे मात्र मी सांगणारच.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथून रिळावर बसून मी दुकानात आले आणि दुकानातून एका बाईंनी मला कपडे वाळत घालायला घरी नेले. त्यांचे यजमान मोटारींच्या काचा बसवायचे. बारीक, गुळगुळीत आणि चिवट दोरी त्यांना हवीच होती. एका सकाळी त्यांनी माझा लांबलचक तुकडा कापला आणि खिशात घातला. बाईंनी ओले कपडे हातात धरून त्यांचा यथेच्छ उद्धार केला. तेव्हापासून मी गॅरेजची झाले.

माझे काम ऐका. जुन्या मोटारीच्या काचेभोवती जाड रबराची पट्टी असते आणि त्या पट्टीला खाच असते. त्या खाचेतून मला काचेभोवती पूर्ण फिरवतात आणि माझी दोन्ही टोके खाली मधोमध सोडतात. मग साबणाचे पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवतात. एक जण गाडीत बसून मला हळूहळू ओढतो. मी निघत जाते, तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. मी जिथून निघते आहे, नेमके तिथेच दुसऱ्याने बाहेरून तळव्याने दाबायचे असते. आतल्याने ओढले आणि बाहेरच्याने दाबले नाही, तर काच गेलीच म्हणून समजा. आणि काम फत्ते झाले की मी गाडीबाहेर. कुठल्याच मोटारीत मला जागा नसते. त्याचे मला कधी फारसे वाटले नाही.

आत बाईंचे यजमान असत आणि बाहेर त्यांचा धाकटा भाऊ. दोघांची तोंडे अखंड चालू. ‘कोपऱ्यावर आलोय रे!’ ‘दाबतोय, ओढ!’ ‘अरे थांब, हात सरकवू दे!’ गिऱ्हाईक विचारी, ‘अहो, काच बसवताय की भांडताय?’ काच बसली की थोरला मला पुसून नीट गुंडाळून ठेवी आणि म्हणे, ‘ही दोरी म्हणजे आमचा तिसरा भाऊ.’ मी दोरी, भाऊ कशी होणार? पण कौतुक कोणाला नको असते!

मग त्यांच्या बाबांच्या मोटारीची पाळी आली. दगड उडून तिची काच फुटली होती. नवी काच बसवताना वरच्या कोपऱ्यात कट्‌ असा आवाज झाला आणि तडा पार खालपर्यंत गेला.

‘तू दाबलंच नाहीस.’

‘तूच घाईने ओढलंस.’

शब्दाने शब्द वाढला. धाकट्याने हत्यारे उचलली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळे गॅरेज थाटले. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणेच टाकले.

पुढे माझेही दिवस फिरले. आताच्या गाड्यांच्या काचा चिकटवतात, तिथे मला कोण विचारतो? कधी मला रद्दीच्या गठ्ठ्याभोवती बांधले, तर कधी मोडक्या दाराला. बाबांची मोटार ताडपत्रीखाली उभी होती. बाबा रोज तिच्याजवळ खुर्ची टाकून बसत. जीव त्यांचा मोटारीत नव्हता. ते सुनेला, म्हणजे आमच्या बाईंना, म्हणत, ‘एका पांघरुणात झोपलेली पोरं ही. आता एकाचा फोन दुसरा उचलत नाही. माझ्या डोळ्यांदेखत हे मिटावं, बास, आणखी काही नको मला.’

शेवटी बाबांनीच खटपट करून भंगारात निघालेल्या तशाच एका मोटारीची काच मिळवली. तशी दुसरी आता कुठेही मिळणार नव्हती. त्यांनी दोन्ही मुलांना निरोप धाडला, ‘दोघांनी मिळून बसवा. नाहीतर गाडी भंगारात द्या आणि मला तोंड दाखवू नका.’

दोघे आले. पण बोलतील तर शपथ! म्हणून थोरल्याची बायको मोटारीच्या दाराशी उभी राहिली.

‘अगं, त्याला सांग, सुरू करतोय.’

‘भावजी, सुरू करतायत.’

‘वहिनी, त्यांना म्हणावं, सावकाश.’

‘अहो, सावकाश म्हणतायत.’

खालची बाजू अशीच निघाली. पण निरोप फिरून येईपर्यंत मी वीतभर पुढे गेलेली असे आणि धाकट्याचा हात मागे राही. वरच्या कोपऱ्यावर काच कुरकुरू लागली. वहिनी घाबरून मागे सरकल्या.

‘मला नाही जमायचं हे. फुटली तर बाबांना काय सांगू मी? तुमचं तुम्ही बघा!’ आणि त्या सरळ बाबांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

थोरल्याने मला तसेच धरून ठेवले. त्याच्या बोटांना घाम सुटला होता. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले होते.

‘छोट्या,’ थोरला म्हणाला. ‘छोट्या, कोपऱ्यावर आलोय रे.’

धाकट्याने दोन्ही तळवे कोपऱ्यावर ठेवले.

‘दाबतोय, दादा. पण हळू हं. मागच्यासारखं नको.’

‘मागच्या वेळी तूच तर...’

‘आधी ओढ!’

मी निघाले. कोपरा बसला, मग वरची बाजू, मग दुसरा कोपरा. मी फारशी कोणात जीव गुंतवत नाही, पण त्या वेळी मला मनापासून बरे वाटले.

राहिली पाण्याची परीक्षा. बाबा आत जाऊन बसले. मी त्यांच्यासमोर डॅशबोर्डवर पडले होते. धाकट्याने पाइप धरून काच चहूबाजूंनी भिजवली. मग पाइप बंद केला आणि हत्यारे पिशवीत भरू लागला.

‘झालं काम. निघतो मी,’ तो वहिनींना म्हणाला.

‘बाबा, कुठे गळत नाही ना?’ थोरल्याने उगीच विचारले.

बाबांनी रबराच्या कडेवरून बोट फिरवले. बोट कोरडे होते. त्यांनी ते नीट निरखून पाहिले.

‘गळतंय,’ ते म्हणाले.

‘कुठे?’ दोघेही एकदम ओरडले.

‘वरच्या कोपऱ्यात.’

‘बघ, दाबलं नाहीस नीट!’

‘ओढलं कोणी? मी?’

धाकट्याने पिशवी खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करावा एवढी मी शहाणी नाही. पण दोरी ओढायची असेल, तर पलीकडच्याला आवाज देत जा. मधल्या माणसाकरवी दिलेला आवाज उशिरा पोचतो.

त्या गोष्टीला बरेच दिवस झाले. धाकटा अजूनही सवड काढून येतो, थोरला पाइप लावतो आणि दोघे तावातावाने कोपरा तपासतात. मी डॅशबोर्डवर ठणठणीत कोरडी असते. बाबा माझ्याकडे पाहतात, काचेकडे पाहतात आणि म्हणतात, ‘अजून गळतंय रे थोडं.’