दोन ईद आणि एक बडा दिन

शहापुरात हमरस्त्यालगतच्या टायरच्या दुकानांमागे एक गल्ली आहे. त्या गल्लीत कुलसुमबीचं घर, मुलांच्या खालाचं, म्हणजे मावशीचं. शाळा सुटली की तिच्या ओसरीवर मुलं कुरआनचा सिपारा शिकायला जमतात. कुलसुमबी छडी ठेवत नाही, आवाज चढवत नाही. एखाद्याची जीभ एका अक्षरावर कितीही अडखळली तरी तेवढ्याच शांतपणे म्हणते, "पुन्हा बोल, बेटा."

तिची एकच रीत मुलांना जड जाते. कुणी प्रश्न विचारला तर ती त्या दिवशी उत्तर देत नाही. म्हणते, "कोरडा हरभरा दाताखाली घेतला तर दात जाते. रातभर भिजू दे. तुयं तू काय समजली ते उद्या सांग, मग मी सांगतो." मुलं कुरकुरतात, पण दुसऱ्या दिवशी काहीतरी विचार करून येतात.

नाताळच्या आदल्या दिवशी तस्मियानं प्रश्न विचारला. तस्मिया जलीलची मुलगी, पाचवीत शिकणारी. ओसरीवरच्या सगळ्या मुलांत तिचं पाठांतर चोख, आणि पाठ केलेल्याचा अर्थ विचारणारीही तीच एकटी.

"खाला, करुणाआजीले बडा दिन मुबारक म्हणनं गुनाह आहे काय?"

"कोन म्हणलं?"

"अब्बूच्या मोबाइलवर आलं. म्हणते का, तसं म्हणलं तर आपन त्याइचा अकीदा मानला असं होते."

करुणाबाई ख्रिस्ती, समोरच्याच घरात राहते. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, आता गुडघ्यानं बेजार. दर बड्या दिनाला कुलसुमबी तिच्याकडे जाते आणि मुलंही शेपटासारखी मागे जातात. मुलांना करुणाआजीच्या करंज्या ठाऊक होत्या, अकीद्याचा, म्हणजे श्रद्धेचा, हा घोळ ठाऊक नव्हता.

"भिजत घाल," कुलसुमबी म्हणाली. "उद्या शाळेले सुट्टी आहे. सकाळीच या सारे."

दिवेलागणीला जलील स्वतः आला. दुकानातून थेट आलेला, हाताला टायरचा काळा रंग तसाच. खाटेवर न बसता उभाच राहिला.

"खाला, तुमी मोठ्या आहा. मी लहान तोंडी मोठा घास घेऊन राहिलो. पन हे भिजत घोंगडं ठेवू नका. पोराइले सरळ नाही म्हणून सांगा."

"बस तर आधी."

"नाही बसत. पोट्टे तुमच्या मागं मागं चालते. उद्या तुमी गेल्या तर माही तस्मिया पन जाईन. त्याइचं म्हणनं का बड्या दिनाले खुदाचा बेटा जलमला. आपन तसं मानत नाही. मग मुबारक कायची?" त्याचा आवाज जरा खाली आला. "मले करुणाबाईचा राग नाही. पोरीचं इमान कच्चं राहू नये, एवढंच. तुमी गेल्या तर परवापासून मी तिले पाठवनार नाही."

तो मनापासून बोलत होता, म्हणूनच कुलसुमबीला ते लागलं. तस्मियाचं कुरआन संपायला थोडंच राहिलं होतं. तिच्यासारखी शिकणारी मुलगी ओसरीवर रोज येत नाही. आणि जलीलनं नेली म्हणजे बाकीचेही एकेक करून नेणार, हे तिला दिसत होतं.

तो गेल्यावर तिनं मशिदीच्या हाफिजसाहेबांना फोन लावला. त्यांनी सरळ सांगितलं. काही उलेमा याला मनाई करतात. काही म्हणतात, शेजाऱ्याला दिलेली शुभेच्छा ही शेजारधर्माची गोष्ट आहे, त्यानं आपला अकीदा बदलत नाही. त्यांच्या इबादतीत सामील होऊ नये, यावर दोघांचं एकमत. शेजाऱ्याशी भलेपणानं वागावं, यावरही एकमत. "दोन्हीकडे इल्मवाले, जाणते लोक आहेत, आपा," हाफिजसाहेब म्हणाले. "तुम्ही तुमची नियत पाहा."

कुलसुमबीनं फोन ठेवला. नियत पाहायची तर ती साफ होती. पण ओसरी रिकामी होण्याची भीतीही होती, आणि ती भीती बाजूला सारून काही दिसेना. मनात आलं, मागच्या परसातून जावं. कुंपणाला फट आहेच. कुणाला दिसणार नाही, करुणाचंही मन राहील. मग स्वतःचीच लाज वाटली. आपण काय कोंबडी चोरायला चाललो?

तेवढ्यात समोरची रिता आली. रिता करुणाबाईची सून. नेहमी बडबडणारी ही बाई आज दारातच घुटमळत होती.

"मावशी, आईनं निरोप देल्ला. म्हणते का, यंदा तुमी येऊ नका. जलीलभाऊच्या दुकानात लोक बोलून राहिले होते, ते आमच्या यायनं आयकलं. आई म्हणे, कुलसुमची मुबारक मले पोचली असं समजा. तिच्या शिकवनीले माह्यापायी धक्का नको."

"असं म्हणली?"

"हो जी. अन् रागानं नाही म्हणली."

निरोपात राग असता तर कुलसुमबीनं तो सहज झेलला असता. पण करुणानं तिला सोडवलं होतं. अडचणीत सापडलेल्या माणसाला सोडवावं तसं. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीनं आपल्यावर दया करावी, ही वेळ आली! कुलसुमबी ताठ झाली.

"रिता, तिले सांग, उद्या चर्चमधून आली का घरी राहाजो. बस."

नाताळच्या सकाळी करुणाबाईच्या घरचे चर्चच्या उपासनेसाठी ऑटोनं भंडाऱ्याला गेले होते. दारावर कागदी तारा लटकत होता. कुलसुमबीच्या ओसरीवर मुलं बसली, आणि पायरीशी, मुलांपासून जरा दूर, जलीलही येऊन उभा राहिला.

कुलसुमबीनं काही लपवलं नाही. मनाई करणारे काय म्हणतात ते आधी सांगितलं, आणि नीट सांगितलं, जलीलला मान हलवावी लागेल इतकं नीट. मग परवानगी देणारे काय म्हणतात ते सांगितलं. "दोघंबी अल्लाले भिऊनच बोलते," ती म्हणाली. "म्हणून कोनाले हसायचं नाही, कोनाले वाईट म्हणायचं नाही. आता तस्मिया, रातभर तुया हरभरा भिजला का नाही?"

तस्मिया उठून उभी राहिली. एकदा बापाकडे पाहिलं, एकदा खालाकडे.

"खाला, तुमी आमाले कुरआनची आयत शिकवली. कोनी तुमाले दुवा-सलाम केला तर त्याच्याहून चांगला वापस करा, नाही तर कमीत कमी तेवढा तरी करा."

"शिकवली. मग?"

"मग मी गिनलं. करुणाआजी रमजानच्या ईदले येते. अब्बू ईदगाहवरून आले नसते, तेव्हाच ओसरीवर येऊन ईद मुबारक म्हणते. बकरीदले पन येते."

"डॉक्टरनं मटन बंद केलं तरी रस्सा चाखून जाते," मागून आफरीन म्हणाली आणि पोरं खिदळली.

"म्हणजे तिच्या दोन झाल्या," तस्मिया बोटं दाखवत म्हणाली. "अन् तिचा बडा दिन एकच. आपन म्हणलं तरी एकच होते. आपन तर आधीच कमी पडून राहिलो, खाला! अन् आता तो एकही बंद केला तर?"

कुलसुमबीनं ती आयत किती मुलांना शिकवली होती! हा हिशोब अजून कुणी मांडला नव्हता. तिनं स्वतःही नाही. तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते मुळीच लपवले नाहीत.

जलील घसा साफ करत म्हणाला, "बेटा, हे गिनतीचं नाही. हे अकीद्याचं आहे. म्हणलं म्हणजे मानलं असं होते."

तेव्हा फैजान बोलला. ओसरीवरचा सगळ्यात लहान, नाकातलं बोट अजून पुरतं बाहेर न काढलेला. "पन चाचा, करुणाआजी दरसाल ईद मुबारक म्हणते, तरी ते मुसलमान कुठी झाली?"

जलीलला हसू आवरलं नाही. तोंडावर हात धरून तो दुसरीकडे वळला. मुलांनी मात्र काही आवरलं नाही, ओसरी दणाणली. हसू ओसरल्यावर तो पुन्हा गंभीर झाला. "मी नाही जानार, खाला. माहं मन नाही घेत."

"नको जाऊ. कोनी तुले ओढून नेत नाही," कुलसुमबी म्हणाली. "पन मी जाईन. समोरच्या दारातून, दिवसाढवळ्या. तुले तस्मियाले न्यायचं असन तर आताच ने. तुही पोरगी आहे, मी अडवनार नाही. पन मी भिऊन घरी बसली तर या पोराइले उद्यापासून कोन्त्या तोंडानं आयत शिकवू, ते तूच सांग."

जलीलनं मुलीकडे पाहिलं. ती उभीच होती, दोन बोटं अजून तशीच वर धरलेली. तिनं मान खाली घातली नव्हती, उलट उत्तरही दिलं नव्हतं. खालानं शिकवलं होतं तशी, बोलून झाल्यावर वाट पाहत होती.

गल्लीत ऑटो वळला. करुणाबाई पांढऱ्या साडीत, रिताच्या खांद्यावर भार टाकून उतरली आणि समोरची ओसरी भरलेली पाहून थबकली.

"जा," जलील पोरीला म्हणाला. "पन तिथं पूजापाठ काही चालू असन तर भाईर उभी राह्य."

"हो अब्बू."

कुलसुमबीनं ओढणी सारखी केली आणि गल्ली ओलांडली. मागे मुलांची रांग. करुणाबाई फाटकाला धरून उभी होती.

"काहून आली गं? येऊ नको म्हणून सांगतलं होतं ना मी?"

"सांगतलं होतं. तुयं मी कधी आयकलं?" कुलसुमबीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "बडा दिन मुबारक, करुणा."

तस्मिया पुढे आली. "बडा दिन मुबारक, आजी. अन् अल्ला तुमचा गुडघा बरा करो."

"गुडघा कायले मधात आनला?"

"त्याच्याहून चांगलं वापस करायचं असते. नुसतं मुबारक म्हणलं तर तुमच्याएवढंच होते. म्हणून एक दुवा जास्त."

मग काय, प्रत्येकाला दुवा जोडायची होती. आफरीननं रितामावशीची म्हैस लवकर विण्याची दुवा दिली. फैजानला काही सुचेना. शेवटी तो म्हणाला, "अन् तुमच्या करंज्या जास्त होवो!"

करुणाबाई हसता हसता रडत होती. "बाप्पा! कुलसुम, कोनाचे आहे हे इतके हुशार पोट्टे?"

कुलसुमबीनं वळून पाहिलं. जलील अजून तिच्याच पायरीशी उभा होता. गल्ली त्यानं ओलांडली नव्हती. पण त्याची नजर तस्मियावर होती, आणि दुकानात बसल्या बसल्या बापानं आल्यागेल्याला सांगत सुटावं असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"खाला," त्यानं तिथूनच हाक मारली, "उद्याचा सबक किती वाजता?"

"रोजच्याच टायमाले!" कुलसुमबीनं ओरडून सांगितलं, आणि करुणाबाईकडे वळून ती म्हणाली, "माहे आहे. सारेच्या सारे माहे."