फुलवालीची पालथी बादली

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. मित्रांनो, बादली म्हटले की तुम्हाला पाणी आठवत असेल. मीही पाण्यासाठीच जन्मले. पण माझ्या हातून जी काही मोलाची कामे झाली, ती मी पालथी असतानाच झाली. ऐकायला विचित्र वाटेल, पण थोडा धीर धरा. माझे बूड गळके झाले असले, तरी आठवणी अजून शाबूत आहेत.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे दिवसभर पत्रे ठोकण्याचा असा काही दणदणाट चाले, की माणसे एकमेकांशी हातवारे करूनच बोलत. एका कारागिराने पत्रा वळवून मला गोल केले, बूड बसवले, काठ दुमडला आणि कडी अडकवायला दोन बाजूंना दोन कान दिले. मग त्याने मला काठोकाठ भरून उचलले आणि माझ्या बुडाखालून हात फिरवला. हात कोरडा निघाला. तो समाधानाने हसला आणि त्याने मला इतर बादल्यांच्या रांगेत ठेवले. त्या वेळी मला वाटले होते, कोरडा हात म्हणजेच आयुष्यातले सर्वांत मोठे यश.

मला विकत घेतले ते एका फुलवालीने. तिला सारे जण मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणेन. तिचे दुकान अरुंद होते. एका बाजूला कपड्यांना इस्त्री करणाऱ्याचे दुकान आणि दुसऱ्या बाजूला घड्याळे दुरुस्त करणाऱ्या काकांचे. मागच्या बाजूला तिन्ही दुकानांची मिळून एक पायरी होती आणि पायरीपाशी एक नळ. मावशीने मला बोटांनी टकटक वाजवून पाहिले, नळाखाली धरले आणि त्याच दिवशी कामाला लावले.

सकाळी बाजारातून फुले येत. मावशी त्यांचे देठ तिरके कापी, खालची पाने काढी आणि त्यांना माझ्यात मानेपर्यंत पाण्यात उभी करून मला अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून देई. "पोटभर पाणी प्यायल्याशिवाय फुलाला कामाला लावायचं नाही," असा तिचा नियम होता. घाईचे गिऱ्हाईक कितीही रागावले, तरी ती ऐकत नसे. स्वतः मात्र सकाळचा चहा दुपारी गार झालेला पिई.

मी पालथी झाले ती एका भल्यामोठ्या मामांमुळे. भाचीच्या लग्नाची फुले ठरवायला ते आले आणि दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर बसले. स्टूल जागीच मोडले. मामा ओशाळले, मावशी कशीबशी हसू आवरत उठली, तिने मला रिकामे केले आणि पालथे घालून त्यांच्यापुढे ठेवले. मी मामांचे वजन पेलले. थोडी कुरकुरले, पण पेलले.

पुढे दुकानात चांगली खुर्ची आली, तरी लग्नाच्या किंवा समारंभाच्या फुलांबद्दल सल्ला मागणाऱ्याला मावशी माझ्यावरच बसवू लागली. शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी एकदा तिला कारण विचारले. ती म्हणाली, "खुर्चीवर बसलं की माणूस ऑर्डर सोडतो. बादलीवर बसलं की खरं बोलतो." काकांना ते पटले नाही, पण मला पटले. माझ्यावर बसून ऐट करणे खरेच कठीण आहे.

मित्रांनो, त्या सल्ल्यांत किती गमती होत्या! एक जोडपे आले होते. त्यांना जेवणाच्या प्रत्येक टेबलावर उंचच उंच फुलदाणी हवी होती. मावशीने काहीच वाद घातला नाही. तिने दोघांच्या मधोमध तसलीच एक फुलदाणी ठेवली आणि म्हणाली, "आता बोला एकमेकांशी." दोघे माना वाकड्या करकरून बोलू लागले. थोड्याच वेळात ते इतके हसले, की ठेंगण्या फुलांची ऑर्डर देऊन गेले. एक मुलगा आजोबांच्या वाढदिवसाला निशिगंध मागायला आला. "निशिगंध दारात ठेव, जेवायच्या खोलीत नको. एवढ्या वासात आजोबांना जेवणाची चव लागायची नाही," असे तिने त्याला समजावले. लिली देताना ती आतल्या पिवळ्या काड्या एकेक करून काढी, कारण त्यांच्यावरची पिवळी भुकटी पांढऱ्या कपड्याला लागली की जाता जात नाही.

सगळ्यात शेवटी ती एक प्रश्न हमखास विचारी. "त्या दिवशी सगळ्यात जास्त कोण दमणार आहे?" लोक गोंधळून जात. मग कोणी म्हणे माझी बहीण, कोणी म्हणे स्वयंपाकघरातले काका. मावशी म्हणे, "मग थोडी फुलं त्यांच्या डोळ्यांसमोर येतील अशी ठेवा. पाहुण्यांचं काय, ते जेवणाकडे बघतात."

तिची दुसरी शिस्त अशी, की कोणी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. शेजारच्या हॉलमध्ये कोणी भर उन्हात गुलाब मांडून ठेवले, तरी ती ओठ घट्ट मिटून निघून येई.

मावशीला एक मुलगी होती. वडील फार लवकर गेले, त्यामुळे घरात त्या दोघीच. मुलगी दुकानातच वाढली. माझा काठ धरून ती पहिल्यांदा उभी राहिली. उन्हाळ्यात ती माझ्यात बसून पाणी उडवी आणि मावशी खोटे खोटे रागावे. पण खरे सांगू का? मुलीच्या वाढदिवसाला मावशी कुठल्या ना कुठल्या समारंभात फुले लावत असे. ती संध्याकाळी परत येईपर्यंत मुलगी पायरीवर बसून राही. आल्यावर मावशी तिच्या गालांवरून हात फिरवी. तो हात ओला आणि गार असे, आणि मुलगी खांदे आक्रसून घेई.

मुलगी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. मी म्हातारी झाले. बुडाला गंज चढला आणि पाणी ठिबकू लागले. मावशीने एकदा डांबर लावले, पुन्हा लावले, पण माझा इलाज राहिला नाही. दुकानात रंगीत प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. त्या हलक्या होत्या, चकचकीत होत्या आणि एकीत एक बसवून ठेवता येत होत्या. मला मागच्या पायरीपाशी ठेवले गेले. माझ्यात कापलेले देठ आणि सुकलेली पाने साचू लागली. गिऱ्हाईकही आता फोनवर चित्र दाखवून मोकळे होई. सल्ला मागायला, माझ्यावर बसायला कोणी येईना. मला फार वाईट वाटे. आत कोणी हसले की मी कान देऊन ऐके.

आणि मग मुलीचे लग्न ठरले.

एके दुपारी ती पायरीवर आली. काका तिथे चहा पीत बसले होते. ती हळूच म्हणाली, "काका, मी लग्नाची फुलं दुसऱ्या सजावटवाल्याला सांगितली. आईला आत्ताच काही बोलू नका."

काकांचा पेला हातातच राहिला. "अगं, पण का?"

"जन्मभर ती दुसऱ्यांच्या समारंभात राबली. निदान माझ्या लग्नात तरी तिचे हात कोरडे असावेत. छान कपडे घालून तिनं नुसतं बसावं. मी सांगेन तिला, वेळ बघून."

पण फुलांच्या बाजारात काही लपून राहत नाही. चार दिवसही झाले नसतील, मावशी रिकाम्या टोपलीनिशी परतली आणि त्याच पायरीवर मटकन बसली. "माझ्या मुलीनं फुलं दुसऱ्याकडे सांगितली," ती काकांना म्हणाली. "नवऱ्याकडच्या लोकांपुढे आईनं चिखलाच्या हातांनी वावरावं, हे नसेल बरं वाटत तिला. असू दे. तिचं लग्न आहे."

"तूच विचार ना तिला," काका म्हणाले.

"तिनं मला काही विचारलंय का? मग मी कशाला बोलू?"

मित्रांनो, तेव्हा मला जीभ असती तर! एकीचे मन मला ठाऊक होते, दुसरीचेही ठाऊक होते, आणि दोघी एकाच घरात एकमेकींशी अगदी गोड, अगदी बेताचे बोलत होत्या. काकांची तर पुरती कोंडी झाली. मुलीला शब्द दिलेला, आणि दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांचे कामात लक्ष लागेना. घड्याळांची बारीक चाके हातातून निसटून पडत आणि ते गुडघ्यांवर बसून ती शोधत. लग्न तोंडावर आले, आणि मला भीती वाटू लागली की असाच गैरसमज घेऊन मुलगी दुसऱ्या घरी जाणार.

शेवटी काकांना राहवले नाही. मुलगी कामावरून आली तशी त्यांनी तिला पायरीवरच गाठले.

"तुझ्या आईनं आज एकाच गुलाबाचा देठ इतका कापला, की हातात नुसतं फूल राहिलं. तिला सगळं कळलंय. तिला वाटतंय, तुला तिची लाज वाटते."

मुलीचा चेहरा उतरला. "लाज? मी आत्ता जाऊन सांगते तिला."

"मुलगी म्हणून सांगितलंस, तर 'बरं बाई' म्हणेल आणि पुन्हा कामाला लागेल. मनातलं मनातच राहील."

मग तिची नजर माझ्याकडे वळली. तिने माझ्यातला पालापाचोळा ओतून टाकला, मला नळाखाली धुतले, कडी धरून आत नेले आणि मावशीसमोर धाडकन पालथे घातले. आणि ती माझ्यावर बसली.

"खुर्ची आहे ना तिकडे," मावशी वर न बघता म्हणाली.

"नको. मला लग्नाच्या फुलांचा सल्ला हवाय."

कात्री थांबली. समोर गिऱ्हाईक बसले असताना परतवून लावणे मावशीला कधीच जमले नव्हते. तिने हात पुसले.

"लग्न कोणाचं?"

"माझं."

"फुलं तर सांगितलीत म्हणे."

"सांगितली. पण त्यानं फक्त रंग विचारला. बाकी काहीच नाही."

"रंगाचं काय एवढं!" मावशी पुटपुटली आणि तिची सवय तिला पुढे घेऊन गेली. हॉलची खिडकी कोणत्या बाजूला, ऊन कधी येते, फुलांनी कोणाला शिंका येतात, टेबले केवढी. मुलगी शहाण्यासारखी उत्तरे देत राहिली. मग शेवटचा प्रश्न आला. मावशीने तो विचारला तेव्हा तिचा आवाज थोडा खाली गेला.

"त्या दिवशी सगळ्यात जास्त कोण दमणार आहे?"

"माझी आई," मुलगी म्हणाली. "म्हणून तर तिला काम सांगितलं नाही. लहानपणापासून तिचे हात ओलेच बघितलेत मी. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला ते दुसऱ्यांच्या फुलांत असायचे. माझ्या लग्नात ते कोरडे असावेत, एवढंच मला हवं होतं."

मावशी आपल्या हातांकडे बघत राहिली. "एवढंच होतं होय," ती म्हणाली. "आणि मी काय काय समजून बसले." मुलगी रडते आहे हे माझ्या पत्र्याला कळत होते.

मग मावशीने नाक ओढले, घसा खाकरला आणि गिऱ्हाइकाशी बोलावे तशी बोलू लागली. "हे बघा, तुमच्या आईला नुसतं खुर्चीत बसवलंत, तर ती जास्त दमेल. मी चांगली ओळखते तिला."

मुलगी रडता रडता हसली. "मग काय करू?"

"सजावटवाल्याचं काम त्याचं त्याला करू द्या. त्याला दिलेला शब्द मोडू नका. तुमच्या हातातला गुच्छ तेवढा तिला बांधू द्या. मग ती बसेल, अगदी मुकाट्यानं बसेल."

आणि झालेही तसेच. लग्नाच्या सकाळी मावशीने गुच्छ बांधला, मुलीच्या हातात दिला, हात स्वच्छ धुतले, पुसले आणि नव्या कपड्यांत पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. खुर्चीशेजारी काय होते, ओळखा पाहू. मी होते! मुलीने माझ्या पोटात पाण्याची बरणी ठेवली होती आणि बरणीत फुले, अगदी मावशीच्या डोळ्यांसमोर येतील अशी. किती वर्षांनी माझ्यात पुन्हा ताजी फुले होती. काका मागे बसून उगाचच घड्याळ पुसत होते.

मावशी थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसली. मग तिचा हात फुलांकडे गेलाच. एक फूल वाकडे होते, ते तिने सरळ केले, दुसरे जरा खाली दाबले आणि बोटे ओली झाली. तेवढ्यात मुलगी समोर आली. चोरी पकडली गेल्यासारखी मावशी हात पुसायला रुमाल शोधू लागली. पण मुलीने तिला पुसू दिले नाही. तिने तो ओला, गार हात आपल्या गालावर धरला आणि या वेळी तिने खांदे आक्रसले नाहीत.

मित्रांनो, त्या कारखान्यात मला वाटायचे, कोरडा हात हेच सर्वांत मोठे यश. आता मला तसे वाटत नाही. मी पुन्हा दुकानात आले आहे, खुर्चीच्या शेजारी. माझ्यात पाणी राहत नाही, पण माझ्यावर माणूस बसू शकतो. म्हणून तुम्हाला एवढेच सांगणे आहे. घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा ती उलटी करून बघा. आणि घरातल्या माणसाच्या मनातले आपल्याला कळले आहे असे वाटेल, तेव्हा त्याच्यासमोर बसून त्यालाच विचारा. बसायला काही सापडले नाही, तर एखादी बादली पालथी घाला.