कुलूपवाल्याची टकटक

भिंगरीचे बाबा कुलूपवाले. किल्ली हरवली की अख्खी गल्ली त्यांच्याकडे धाव घ्यायची. पण दारू पोटात गेली की हेच कसब घरावर उलटायचं. आईने तीनदा लॅच बदललं, तीनदा बाबांनी ते तारेच्या आकड्यांनी उघडलं. तिसऱ्यांदा झटापटीत आईचा हात मोडला. मग मामा त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात सोडून आला आणि चौथं लॅच भिंगरीने स्वतः बसवलं. बाबांचंच बघून बघून शिकली होती, काय बिशाद होती चुकायची!

आज पाच महिन्यांनी, ती शाळेतून येऊन दप्तर टाकतेय तोच दारावर टकटक झाली.

"कोण?"

"मी गं. बाबा."

तिने घड्याळाकडे पाहिलं. आई सहाला येणार, म्हणजे अजून दोन तास. बाबांचा आवाज अडखळत नव्हता, पण आवाजावर विसंबून आईनेही एकदा दार उघडलं होतं.

"मी उघडणार नाही," भिंगरी म्हणाली. "आणि तार घातलीत ना, तर अशी बोंब ठोकीन की शेजारच्या आजी काठी घेऊन येतील."

"त्या आल्यात. काठीसकट."

तिला हसू फुटणार होतं, पण तिने ते गिळलं.

एवढ्यात दाराखालच्या फटीतून काहीतरी खरखरत आत आलं. तारेचा आकडा. मग दुसरा, तिसरा... सात. भिंगरी हाताची घडी घालून उभीच.

"आठ होते, बाबा."

बाहेर खिशात काहीतरी खुळखुळलं. मग आठवाही आला, सगळ्यात बारीक, त्यांचा लाडका.

"आई येईपर्यंत पायरीवर बसू?"

"बसा."

जरा वेळाने बाहेरून प्रश्न आला, "लॅच कुणी बसवलं?"

"मी."

"झकास. पण बाहेरची चकती हलतेय. मला तारसुद्धा लागली नसती. आतले स्क्रू आवळून घे."

भिंगरीने पाहिलं. खरंच सैल होते. तिने पेचकस आणला आणि सगळं अंग टाकून स्क्रू आवळले.

"आता बघा हलवून."

चकती कुरकुरली. बाबांनी पुन्हा जोर लावला. ढिम्म.

"नाही बुवा हलत," ते म्हणाले. हरल्यावर इतका खूश आवाज तिने त्यांचा कधी ऐकला नव्हता.

तिने आठही आकडे आईला द्यायला कंपासपेटीत कोंबले. बाहेर आजींनी काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"मग आता बस गुमान. पाणी आणते," आजी बाबांना म्हणाल्या.